तीन नंबरच्या खोलीतली कबुली

एका इंग्रज माणसामुळे आमच्या घरात चार दिवस अबोला होता.

हा माणूस सिनेमात काम करतो. कपाळावर केस, चेहऱ्यावर 'चुकून आत आलो' असा भाव आणि एकही वाक्य धड पूर्ण करायचं नाही! माझी बायको मुग्धा आणि पंधरा वर्षांची लेक इरा, दोघींना त्याचे सगळे प्रेमाचे सिनेमे पाठ आहेत. त्या शुक्रवारी शेवटचा प्रसंग चालू होता. तो नायिकेसमोर 'म्हणजे... मी... अं...' करत उभा, इकडे मायलेकी टिश्यूचा खोका संपवतायत, आणि मी म्हणालो, "एवढं अडखळण्यापेक्षा हा ई-मेल का नाही पाठवत?"

मुग्धाने सिनेमा थांबवला. "एकोणीस वर्षांत तू मला असं एकदा तरी काही म्हणालास?"

"तू कधी विचारलं नाहीस," मी म्हणालो. (मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. विचारलं तेवढंच सांगायची सवय.)

त्यानंतर ती माझ्याशी फक्त फोनच्या कॅलेंडरवरून बोलू लागली. 'संध्याकाळी सहा: दूध आणणे.' सोमवारी 'आठ वाजता: जेवण, आपापलं' असं आमंत्रण आलं. मी ते अ‍ॅक्सेप्ट केलं. पण मंगळवारी सकाळी माझ्या लक्षात आलं, की एकाच घरात राहून मला तिची आठवण येतेय.

इराला विचारलं. "बाबा, यू हॅव टु रन," ती म्हणाली. सिनेमात तो नेहमी धावत येतो आणि चारचौघांत बोलतो. सोफ्यावर बसून बोललेलं धरत नाहीत, असं तिचं मत पडलं.

मुग्धा इथेच, अमेरिकेतल्या आमच्या पिस्कॅटवे गावात, डेंटिस्ट आहे. दुपारी मी फुलं घेतली, क्लिनिकच्या पार्किंगमध्ये अगदी शेवटच्या टोकाला गाडी लावली आणि धावत सुटलो. दारापाशी पोचेपर्यंत अडखळण्याचा वेगळा सराव करायची गरजच उरली नाही. रिसेप्शनिस्ट काही विचारायच्या आत मी मुग्धाच्या नेहमीच्या, तीन नंबरच्या खोलीत शिरलो. मास्क, गॉगल, निळी टोपी अशी एक पाठमोरी आकृती पेशंटवर वाकली होती.

छातीवर हात ठेवून मी सुरुवात केली. "मला... म्हणजे... अं... तुझ्याशिवाय करमत नाही."

आकृती वळली. गॉगलमागचे डोळे निळे होते!

ती दात साफ करणारी अमेरिकन बाई होती. धाप, घाम, छातीवर हात... तिने एका नजरेत निदान केलं. पेशंटला उठवून मला खुर्चीत आडवं केलं, पाय वर घेतले आणि हाताला बीपीचा पट्टा बांधला. (एकोणीस वर्षं मी शिताफीने ती खुर्ची टाळली होती.)

उठवलेले पेशंट निघाले आमच्या मराठी मंडळाचे कुलकर्णी काका. इंजेक्शनने त्यांचा अर्धा जबडा बधिर होता, तरी धावत आलेल्या स्टाफला त्यांनी माझ्या बोलण्याचं भाषांतर ऐकवलं. हार्टचा काही प्रॉब्लेम नाही, हा प्रेमात आहे, असं सांगून त्यांनी बोट दाखवलं ते त्या निळ्या डोळ्यांच्या बाईकडे.

एवढ्यात शेजारच्या खोलीतून मुग्धा आली.

मग पाय वर अन् डोकं खाली अशा अवस्थेत मी तिला सगळं सांगितलं. ई-मेलचं चुकलं म्हणालो. तू बोलत नाहीस तेव्हा घर ऑफिससारखं वाटतं म्हणालो. सॉरी म्हणालो, तेही न अडखळता. तिकडे काका, दोन वाक्यं मागे राहून, भाषांतर करत होते.

मास्कच्या वर मुग्धाचे डोळे भरून आले. तिने माझ्या गालावर हात ठेवला आणि अगदी जवळ वाकली. मी डोळे मिटले.

"आ कर," ती म्हणाली.

दोन दाढा किडल्या होत्या. अक्कलदाढ मात्र अजून आलेलीच नाही, हे तिने सगळ्या स्टाफसमोर जाहीर केलं.