साडेतीन इंच

वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी टेलरमास्तरांनी आपली जुनी गाडी खाली बसवून घेतली, तिला रुंद, चकचकीत चाकं लावली, आणि गल्लीनं निकाल देऊन टाकला की मास्तरांना म्हातारचळ लागला. असले शौक मिसरूड फुटताना करायचे असतात. समोरचा दुकानदार तर म्हणाला, "मास्तर, शर्यतीत उतरताय की काय?" मास्तर हसले. खरं कारण सांगायला गेलो तर रडू येईल हे त्यांना माहीत होतं, आणि रस्त्यात रडणारा पुरुष त्यांना कधीच आवडला नव्हता.

खरं कारण एवढंच होतं, की त्यांना आता बायको उचलता येत नव्हती.

दुकानाची निम्मी बाजू या बाईची होती. मास्तर कापायचे, शिवायचे. काजं-बटणं, हातशिलाई आणि गिऱ्हाइकाची समजूत तिच्याकडे. मास्तरांचं तोंड तिखट. कोटाचा खांदा उतरलाय असं कुणी म्हटलं की हे म्हणणार, "कोटाचा नाही, तुमचा उतरलाय." मग तिनं मधे पडायचं आणि दारापर्यंत गेलेलं गिऱ्हाईक परत आणायचं. चाळीस वर्षं असा संसार आणि असा धंदा चालला. मागच्या वर्षी ती दुकानाच्या जिन्यावरून पडली. कण्यात दोन स्क्रू बसले, पाय लुळे पडले. डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्यातून तीनदा घेऊन या, इथल्या यंत्रांवर पाय हलवून घेऊ. वर्षभर नेमानं आणलंत तर उभ्या राहतील, खंड पडला तर आशा सोडा.

सुरुवातीला मास्तर तिला चाकांच्या खुर्चीतून उचलून गाडीत ठेवायचे. चार महिन्यांत त्यांची कंबर गेली. शेजारी मदतीला आले, दोन आठवडे आले. रोज मरे त्याला कोण रडे. पगारी बाई ठेवली, ती तिसऱ्या दिवसापासून दिसली नाही. आणि एका सकाळी गाडीच्या दारातच मास्तरांच्या पाठीत चमक भरली, हात सुटले आणि दोघंही खाली आले. फरशीवर समोरासमोर बसले होते. ती म्हणाली, "तुम्हाला लागलं का हो?" पडण्यानं खचले नसते इतके मास्तर त्या प्रश्नानं खचले.

दुपारी परगावाहून मुलाचा फोन आला. "बाबा, आईला आता एका पुनर्वसन केंद्रात ठेवू या. राहायची सोय आहे, नर्स आहेत, यंत्रंही तिथंच आहेत. तुमच्यानं होणार नाही हे." मुलाचं काही चुकत नव्हतं, आणि हेच वाईट होतं. पण तिची थोरली बहीण असल्याच एका ठिकाणी गेली होती. सहा महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि तशीच गेली. तेव्हा हिनं नवऱ्याचा हात धरून सांगितलं होतं, "काहीही करा, पण मला असं कुठं टाकू नका." मास्तरांनी शब्द दिला होता. दिलेल्या तारखेला कोट देणारा माणूस तो. शब्द मोडणं त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेप काढली. खुर्चीची बैठक जमिनीपासून एकोणीस इंच. गाडीची साडेबावीस. म्हणजे तिला साडेतीन इंच वर चढवायचं, त्यासाठी एवढा सगळा जीवघेणा खटाटोप. खुर्चीवर गाद्या रचून पाहिल्या, तर ती एका अंगाला कलंडायला लागली. खुर्ची वर जात नव्हती, तेव्हा गाडी खाली यायला हवी होती. दोन्ही बैठका एका पातळीत आल्या की मधे गुळगुळीत फळी टाकायची आणि तिनं हातांच्या जोरावर सरकत जायचं. उचलायचा प्रश्नच मिटला.

गाड्या खाली करून देणारा गॅरेजवाला मोठ्या रस्त्याच्या टोकाला होता. त्यानं मास्तरांना आधी नीट पाहून घेतलं.

"साडेतीन इंच? झकास दिसेल, मास्तर."

"दिसण्याशी मला काय करायचंय," म्हणून मास्तरांनी सगळं सांगितलं. गॅरेजवाल्यानं हात पुसले, त्यांना बसायला स्टूल दिलं.

"स्प्रिंगा बदलून अडीच इंच निघतील. उरलेला एक चाकांतून काढू. ही चाकं रुंद, पण टायर पातळ, त्यामुळे उंची कमी. वळणावर गाडी झुलणार नाही हा वर फायदा." मग त्यानं एक टायर दाबून दाखवला. "पण कडक होईल हं गाडी. स्प्रिंग आखूड, टायरात रबर थोडं. रस्त्यातला खडा न् खडा कळेल."

"कडक तर कडक. कॉलरही कडकच असते, माणूस मरत नाही त्यानं."

ट्रायल घेतल्याशिवाय मास्तरांनी जन्मात कोट दिला नव्हता. इथं मात्र अंगात घालणारी बाई घरी होती आणि ट्रायल घेतली त्यांनी एकट्यानं, गॅरेजपासून घरापर्यंत. धक्के त्यांना जाणवले. पण खुशीत असलेल्या माणसाला जाणवून काय उपयोग.

सोमवारी सकाळी गाडी दाराशी लावली. फळी टाकली. तिनं तळवे टेकले, अंग उचललं, सरकली, पुन्हा सरकली आणि गाडीत बसली. मास्तरांनी तिला बोटही लावलं नव्हतं. ती हसायला लागली, मग तिचे डोळे भरले. "जमलं हो," ती म्हणाली. मास्तरांना वाटलं, आता वर्ष काय, दहा वर्षं नेईन.

कोपऱ्यावरच्या पहिल्याच गतिरोधकावर गाडी खालून खरवडली आणि दाणकन आदळली. तिनं दार घट्ट धरलं. "लागलं?" "नाही." पुढं खड्डा आला. मग उखडलेला पट्टा. मास्तरांनी आरशात पाहिलं, तिचं तोंड पांढरं पडलं होतं, खालचा ओठ दाताखाली होता. तिनं ब्रसुद्धा काढला नाही. नवऱ्यानं आपल्यासाठी केलेली वस्तू होती ना. तिला नावं कशी ठेवणार?

दवाखान्यात व्यायाम घेणाऱ्या बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि थांबल्या. "पाठ लाकडासारखी आखडलीय. आज काही करता येणार नाही. कशातून आणलंत यांना?" जवळपास तीस हजार कोट-पँटी शिवलेल्या माणसानं बैठक मोजली, उंची मोजली, आणि माणूस मोजायचा राहिला. ते स्वतःला मनातल्या मनात अशा शिव्या देत होते, की गिऱ्हाइकालाही कधी दिल्या नसतील.

परतताना त्यांनी गाडी माणसाच्या चालीनं चालवली. मागचे हॉर्न वाजवत होते, खिडकीतून वाट्टेल ते बोलत होते. तरी प्रत्येक भेगेला मागच्या सीटवरून श्वास अडकल्याचा आवाज यायचा.

"अहो, जरा बाजूला घ्या," ती म्हणाली. मास्तरांनी गाडी थांबवली.

"मी वर करून घेतो परत," ते घाईनं म्हणाले. "उद्याच. जुन्या स्प्रिंगा आहेत त्याच्याकडे."

"आणि मला उचलणार कोण?"

मास्तर काचेतून समोर बघत राहिले. गाडी वर केली तर बायको उचलत नाही, खाली ठेवली तर तिला सोसत नाही. दोन्हींच्या मधे कुठं बसेल असं माप त्यांच्या टेपेवर नव्हतं.

"मुलाला फोन करा," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, गिऱ्हाइकाची समजूत घालताना असायचा तसा. "त्या केंद्रात घेतात का विचारा. गाडीत मला बसता येतं आता. तिथवर सोसेन मी. एकदाच तर जायचंय."

मास्तरांनी "नाही" म्हणायला हवं होतं. ती वाट पाहत होती. शेवटी तिनंच मागून हात पुढं करून त्यांच्या खांद्यावर ठेवला.