चिंचेपाशी कोणालाही विचारा

दुसऱ्याचं चांगलं झालेलं पाहून पोटात दुखणारी माणसं गल्लोगल्ली भेटतात. पण दुसऱ्याची चांगली गोष्ट जगाला न सांगता राहिली तर ज्याच्या पोटात दुखतं, असा माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला. तो म्हणजे माझ्या बायकोचा मामा. जाहिरातवाले पैसे घेऊन हे काम करतात. मामा पदरचं रिक्षाभाडं घालून करायचे. आचोळ्याला त्यांच्या इमारतीखाली एक शिंपी बसायचा. त्याने मामांची एक पँट बरी शिवली, तेवढंच निमित्त झालं. महिन्याभरात मामांनी त्याची कीर्ती नायगावपासून विरारपर्यंत अशी पसरवली की त्याच्या टपरीत कपड्यांचा डोंगर उभा राहिला, आणि दिवाळीला मामांचीच नवी पँट त्या डोंगराच्या तळाशी अडकली. जुन्या, गुडघ्यावर झिजलेल्या पँटीत ते आमच्याकडे फराळाला आले आणि चकली मोडता मोडता समाधानाने म्हणाले, "मरायला फुरसत नाही हो त्याला आता."

ही विद्या त्यांनी कमावली होती ती लग्नाची आवतणं करून. सासरच्या मोठ्या गोतावळ्यात कुणाचंही लग्न निघालं की घरोघर जाऊन बोलावणं करायचं खातं मामांकडे. कुठल्या घरी अक्षता घेऊन जोडीनेच जायचं, कुठे उंबऱ्याबाहेरून सांगितलं तरी भागतं, कोणत्या आत्याला दोनदा बोलावल्याशिवाय ती येत नाही आणि कोणत्या काकांना एकदाच बोलावलं तर चार दिवस आधी येऊन बसतात, हे सगळं त्यांना तोंडपाठ. आमच्या लग्नात मी भीत भीत सुचवलं होतं की लांबच्यांना पत्रिका टपालाने पाठवू. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की लग्न तिथेच मोडतंय की काय असं मला वाटलं. "जावईबापू," ते म्हणाले, "टपालाने नोटीस येते. आवतण नाही."

तर अशा या माणसाच्या हाती इंटरनेट लागलं, आणि त्याला कारण झाल्या माझ्या सासूबाई. सासूबाई म्हणजे मामांची थोरली बहीण. राजोडीच्या अलीकडे त्यांची छोटीशी वाडी आहे, आणि त्या वाडीत दिवाळीनंतर त्या सुकेळी करायच्या. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : राजेळी जातीची केळी पिकवायची, सोलायची, बांबूच्या मांडवावर उन्हात पसरायची, संध्याकाळी गोळा करून झाकायची, सकाळी पुन्हा पसरायची. असं आठवडाभर केलं की केळं मधासारखं तांबूस होतं, आणि मग केळीच्याच वाळक्या पानात त्याच्या जुड्या बांधायच्या. पूर्वी गावात असे वीसेक मांडव होते. आता एकच उरला होता. त्या वर्षी, म्हणजे २००७ च्या सुमारास, आम्ही सगळे जेवायला बसलो असताना भात वाढता वाढता सासूबाईंनी जाहीर केलं, "ह्या वर्षी शेवट. होळीला मांडवाचे बांबू होळीत घालनार. कोन विचारतंय आता?"

बाकीचे जेवत राहिले. मामांचा घास मात्र हातातच राहिला. लहानपणी आई गेल्यावर याच बहिणीने याच मांडवाखाली त्यांना वाढवलं होतं. शाळेतून आलं की सोलायला बसायचं आणि सोलता सोलता पाढे म्हणायचे. हात धुऊन ते बाहेर आले, मांडवाभोवती एक फेरी मारली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताईची सुकेळी वाईट नाहीत. जगाला आवतण गेलेलं नाही, एवढंच."

मला टाइपिंग येतं हा माझा गुन्हा. त्यापायी पुढचे चार महिने माझे सगळे रविवार आचोळ्याच्या एका सायबर कॅफेत गेले. कॅफेवाल्याने एक साधीशी वेबसाइट करून दिली. वर गणपती, खाली सुकेळ्यांचा फोटो आणि तळाशी भेट देणाऱ्यांचा आकडा दाखवणारं यंत्र. फोटो छापून सासूबाईंना दाखवला तर त्या म्हणाल्या, "चपलेचे पट्टे कशाला काढलेस?" मामा खचले नाहीत. कॅफेवाल्याने त्यांना सांगितलं होतं, "काका, नुसती साइट काढून उपयोग नाय. बुकमार्किंग साइटवर लिंक टाका, फुकट असतं. तिथून पब्लिक येतं." लोक आपल्याला आवडलेली पानं जिथे सगळ्यांसाठी नोंदवून ठेवतात अशा साइटी तेव्हा पावसाळ्यातल्या छत्र्यांसारख्या उगवल्या होत्या. मामांनी चाळीस साइटींची नावं वहीत उतरवून घेतली, वहीला कुंकू लावलं आणि पहिलं आवतण रीतीप्रमाणे गावच्या गणपतीला देऊन, मगच कीबोर्डला हात लावला.

प्रत्येक साइट हे त्यांच्या लेखी एक घर होतं. वर्णनाच्या चौकटीत लोक दोन शब्द लिहितात, मामा सांगायचे आणि मी लिहायचो : "आमचे येथे श्रीकृपेकरून यंदाही सुकेळी करण्याचे योजिले आहे. तरी आपण सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे." खाली माझ्याच्याने जमेल तसं त्याचं इंग्रजी. बरं, नुसतं बोलावून मोकळं व्हायचं नाही. ज्याच्या घरी गेलो त्याचं पाणी तरी घेतलं पाहिजे, म्हणून तिथे इतरांनी नोंदवलेली पानं आम्ही उघडून बघायचो आणि खाली दोन गोड शब्द लिहायचो. कुठल्याशा परदेशी गृहस्थाने मोटारीच्या चाकांची साइट नोंदवली होती. मामांनी अर्धा तास ती चाकं निरखली आणि मला लिहायला लावलं, "युवर व्हील्स व्हेरी नाइस. काइंडली कम टू अवर बनाना."

त्याच सुमारास सगळी तरुण मंडळी एका निळ्या साइटवर एकमेकांच्या वहीत निरोप लिहीत असायची. तिथेही मामांचं खातं निघालं. मैत्रीचा प्रस्ताव आला की बाकीचे एक बटण दाबून मोकळे होतात. मामा आधी विचारायचे, "गाव कोणतं?" गाव कळलं की, "तिथले अमुक तुमचे कोण?" अमुक कोणीही निघाले नाहीत तर मैत्री पुढच्या रविवारपर्यंत लांबणीवर पडे. अशा कडक छाननीतूनही त्यांचे दीडशे मित्र झाले, आणि त्यातल्या साठ जणांच्या आजोबांची नावं मामांना पाठ होती.

पण एका रविवारी सहा-सात साइटींनी आमचं खातं एकदमच बंद केलं. एकच मजकूर ठिकठिकाणी चिकटवल्याबद्दल तंबी होती. मला तर सुटल्यासारखं झालं. मी मजकुराचा अर्थ सांगितला तसे मामा खुर्चीत मागे टेकले आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "रुसले. बरोबर आहे त्यांचं. सगळ्यांना एकच मजकूर? शेजारणीला जे बोललो तेच व्याह्यांना बोललो. माझीच चूक." त्या दिवसापासून त्यांनी प्रत्येक साइटसाठी वेगळं आवतण रचायला घेतलं. माफीची पत्रं गेली ती निराळीच. एकीकडे लिहिलं, बहिणीच्या हाताला केळं पिकल्याचं वासावरून कळतं. दुसरीकडे, पाढे म्हणत सोललेली केळी जास्त गोड होतात. टाइप करताना मीही मध्ये मध्ये थांबायला लागलो, हे इथे कबूल करून टाकतो.

नातेवाईक तरी कसे सुटतील? मामांनी फर्मान काढलं की घरटी एकाने येऊन आपल्या हाताने बुकमार्क केलाच पाहिजे. एका रविवारी सकाळी वाडीतली, गावातली तेवीस माणसं नटूनथटून कॅफेच्या दारात उभी राहिली. दोन आत्यांनी गजरे माळले होते. एकेकाने खुर्चीत बसायचं, मामांनी हात धरून माउस हलवायचा, बुकमार्क झाला की उठायचं आणि बाहेर पेढा घ्यायचा. सगळं यथासांग पार पडल्यावर कॅफेवाला डोकं धरून म्हणाला, "काका, साइटवर नाय, तुम्ही माझ्या कॉम्प्युटरमध्येच केलं सगळं. एकाच मशीनवर तेवीस वेळा सुकेळी." मामा पेढ्यांचा पुडा त्याच्यापुढे धरत म्हणाले, "असू दे. तुझ्या घरी तर पोचलं."

यंत्रावरचा आकडा मात्र चढत होता. हजार झाले, दीड हजार झाले. त्यातले निम्मे मामा स्वतःच होते हे मला माहीत होतं, पण उरलेले निम्मे तरी खरे असणार. आणि तरीही मागणी एकही आली नव्हती. फाल्गुन लागला. सासूबाईंनी शेवटची राजेळी सोलली. होळीला बारा दिवस उरले तेव्हा मामांनी पहिल्यांदाच मला विचारलं, "खरं सांगा, आपलं कुठे चुकलं?" त्यांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी ती साइट एखाद्या परक्या गिऱ्हाइकासारखी, वरपासून खालपर्यंत वाचून काढली. समजा मला सुकेळी हवी आहेत, तर मी काय करीन? फोन. फोन नंबर कुठे आहे? नंबर नव्हता. पत्ताही नव्हता. चार महिने, चाळीस साइटी, तेवीस पेढे, आणि सगळ्यात खाली मामांच्या सांगण्यावरून मीच टाइप केलेली एक ओळ : "आगाशीवरून राजोडीच्या रस्त्याला लागावे. चिंचेपाशी कोणालाही विचारावे." साऱ्या जन्मात त्यांनी आवतणं केली ती घर ठाऊक असलेल्यांना. आवतणात पत्ता सांगायचा असतो हे त्यांच्या गावीही नव्हतं, आणि टाइप करताना मलाही ते खटकलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

रविवारी मी हे मामांना सांगितलं. सासूबाईंपुढे चूक कबूल करायची म्हणून आम्ही रिक्षाने वाडीवर निघालो. चिंचेपाशी आलो तर तिथे एक मोटार उभी, आणि घामाघूम झालेलं एक जोडपं पानाच्या टपरीवाल्याशी वाद घालतंय. बाई म्हणत होत्या, "अहो, ही पाचवी चिंच आहे. पुण्याहून आलोय आम्ही. ती पाढे म्हणत केळी सोलायची साइट आहे ना, त्या बाई कुठे राहतात?"

मामा रिक्षा पुरती थांबायच्या आत उतरले.

त्या दोघांना आम्ही वाडीवर नेलं. सासूबाईंनी पाणी दिलं, आणि विकायचं नाव न काढता त्यांना मांडवाखाली बसवलं. ऊन उतरत होतं, सुकेळी गोळा करायची वेळ झाली होती. पुण्याच्या बाईंनी पदर खोचला आणि त्याही गोळा करायला लागल्या. बोलता बोलता दोघींना दिवस मावळल्याचं कळलं नाही. जाताना त्या चार जुड्या घेऊन गेल्या. पुढच्या तीन दिवसांत आणखी दोन कुटुंबं शोधत शोधत येऊन थडकली, एक बोरिवलीचं आणि एक थेट नाशिकचं. होळीची लाकडं मागायला मंडळी दारात आली तेव्हा सासूबाईंनी त्यांना मोडकी बाज काढून दिली. मांडवाकडे कोणी बोट दाखवलं तर म्हणाल्या, "तो लागंल अजून."

मी तिथल्या तिथे म्हटलं, आता लगेच साइटवर फोन नंबर टाकतो, मागण्यांचा पाऊस पडेल. सासूबाई माझ्याशी सहसा कमी बोलत. जावयाशी बोलायचं तर डोक्यावरचा पदर नीट करून. तो त्यांनी केला आणि म्हणाल्या, "नको. नंबर टाकलात तर मानूस फोन करंल, येनार नाय. मांडवाखाली पूर्वी धा बायका सोलायला बसायच्या. मी एकटी किती दिस सोलू? गिऱ्हाईक कुटं मागितलं होतं मी?" मामा मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. चार महिने ज्यासाठी जिवाचं रान केलं ते बहिणीला नकोच होतं, आणि जे हवं होतं ते त्यांच्या चुकीने आपल्या पायांनी चालत आलं होतं. त्यांनी नाक शिंकरलं आणि धुराचं निमित्त सांगितलं. चूल विझलेली होती.

तो नंबर कधीच पडला नाही. मांडव आणखी सात वर्षं उभा राहिला, आणि दर हिवाळ्यात पाच-पंचवीस माणसं चिंचा मोजत येत राहिली. मग सासूबाई गेल्या. ज्या चाळीस घरी मामांनी आवतणं केली होती त्यातली बहुतेक घरंही एकेक करून बंद पडली. ती निळी साइटसुद्धा गेली. आमची साइट मात्र मामांनी चालू ठेवली आहे. फोटो तोच, आकडा दाखवणारं यंत्र केव्हाच बिघडलंय, आणि तळाशी ती एक ओळ आहे.

गेल्या हिवाळ्यात मी राजोडीच्या रस्त्याने चाललो होतो. चिंचेखाली, पानाच्या टपरीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत मामा बसले होते. आता ऐंशीला टेकले आहेत, कानाला कमी येतं, आचोळ्याहून इथवर यायचं म्हणजे दोन रिक्षा. टपरीवाला म्हणाला, दर रविवारी येतात, दुपारपर्यंत बसतात. मी जवळ जाऊन विचारलं, मामा, वाडीवर तर आता काहीच नाही, मग इथे कशाला?

त्यांनी मला शेजारचा दगड बसायला दाखवला.

"जावईबापू, कोणालाही विचारा असं आपण लिहून ठेवलंय," ते म्हणाले. "कोणी आलं, तर विचारायला कोणीतरी नको का इथं?"