हातानं आवळलेला नट

आमचं देवास म्हणजे एका गावात दोन राज्यं. रस्त्याच्या या अंगाला धाकटी पाती, त्या अंगाला थोरली. मी नीलकंठ, धाकट्या पातीच्या कचेरीतला कारकून. माझ्या दारासमोर, म्हणजे परराज्यात, संताजीराव राहायचे. मी सकाळी चूळ टाकली की ती सरहद्द ओलांडते, असं ते म्हणायचे. वीस वर्षांच्या शेजारात त्यांनी केलेला हा एकच विनोद, पण तो त्यांनी जवळजवळ रोज केला.

संताजीराव थोरल्या पातीच्या सिलेखान्यात होते. तलवारींना धार लावायची, बंदुकांचे घोडे बसवायचे, भाल्यांची पाती सरळ करायची. लिहिणं-वाचणं येत नव्हतं, त्यांची पत्रं मी वाचून दाखवायचो. पण लोखंडाचा तुकडा हातात दिला की तो कुठल्या भट्टीतला, हे सांगणारा माणूस. बायको लवकर गेली होती. मुलगी एकच, बकुळा. ती धारला दिली होती. जावई खंडोजी तिथल्या बळवंतराव नावाच्या सरदारांकडे चाकरीला होता. सरदारांनी महूच्या छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाकडून जुनी मोटारसायकल घेतली. ते एकदा बसले, एकदा पडले, आणि परत बसले नाहीत. तेव्हापासून गाडी खंडोजीच्या स्वाधीन. सरदारांचा टपाल-निरोप घेऊन तो इंदूर-देवासपर्यंत यायचा.

गाडी महायुद्धाच्या आधीची. इंजिन गुणी होतं, दुखणं सगळं पुढच्या चिमट्यात. पुढचं चाक धरणारा हा लोखंडी चिमटा चार आडव्या पिनांवर वरखाली हलायचा, आणि धक्का झेलायला त्याला स्प्रिंगा होत्या. आपल्या माळव्याचा धुरळा पिनांत शिरला की आतले बुश, म्हणजे पिनांभोवतीची पितळी नळकांडी, झिजायचे आणि हॅण्डल थरथरायला लागायचं. विलायतेहून सामान यायला सहा महिने. मग खंडोजी गाडी सासऱ्याकडे आणायचा. संताजीरावांनी मोडक्या लोखंडी भाल्यातून पिना घडवल्या, फुटक्या घंगाळाच्या जाड पितळी कानातून बुश काढले. साहेबाला कळलं असतं तर त्यानं गाडी परत मागितली असती, इतका तो चिमटा सुधारला.

मी ओट्यावर बसून हे बघायचो. संताजीराव एकेक पीन काढून रॉकेलनं धुवायचे, चरबी भरायचे, पुन्हा बसवून चाक डावीकडे-उजवीकडे हलवून बघायचे. नट सैल राहिला तर गाडी नाचते, फार आवळला तर चिमटा जागचा हलत नाही, मधलं माप हाताला कळायला हवं, असं ते जावयाला सांगायचे. खंडोजी मन लावून ऐकायचा. सासऱ्याला तो मामा म्हणायचा, आणि खरं सांगतो, सख्ख्या मामावर कुणी इतकी माया करत नाही.

खंडोजीबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. तो दारूला शिवत नसे. त्याचा बाप दारूनं गेला होता. आई राजाबाई, हिनं दुसऱ्यांची धुणी-दळणं करून पोर वाढवलं आणि तो सोळा वर्षांचा झाल्यावर त्याच्या हातावर तुळशीपत्र ठेवून त्याला दारू न पिण्याची शपथ घ्यायला लावली. त्यानं ती पाळली.

सन एकोणीसशे एकोणीसच्या नवरात्रात खंडोजी अष्टमीला गाडी घेऊन आला. वरची पीन खडखडत होती. नवमीला सकाळी संताजीरावांनी चिमटा उघडला, नवा बुश घातला, पीन बसवली. नट फिरवायला घेतला, तेवढ्यात पूजेची वेळ झाली.

त्या दिवशी खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं आणि अवजारं देवापुढे मांडतात, हळदकुंकू वाहतात, आणि दुसऱ्या दिवशी शिलंगणाला निघेपर्यंत कुणी त्यांना हात लावत नाही. सिलेखान्यातल्या माणसाला तर हा नेम प्राणापलीकडे. संताजीरावांनी हातोडा, कानस, सांडशी आणि नट आवळायचे सगळे पाने धुऊन घटापुढे ओळीनं ठेवले. चिमट्याचा नट हातानं आवळला होता. पान्यानं तो दसऱ्याला आवळायचा, असा बेत.

पण खंडोजी दसऱ्यापर्यंत थांबणार नव्हता. एकुलता एक मुलगा, त्यानं आईला शब्द दिला होता की दसऱ्याचं सोनं पहिलं तुझ्याच हातात देईन. नवमीला जेवून तो निघाला. निघताना त्यानं विचारलं, "मामा, चिमटा ठीक आहे ना?"

"ठीक आहे," संताजीराव म्हणाले.

घटापुढचा पाना चार हातांवर होता. तो उचलून दोन वेढे द्यायचे, एवढंच काम. मी तिथंच होतो. मला पान्याचं काही ठाऊक नव्हतं. पण एक मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. संताजीरावांनी धारच्या एका जुन्या सोबत्यासाठी मोहाच्या दारूची बाटली फडक्यात गुंडाळून जावयाच्या पिशवीत ठेवली.

धारच्या वाटेवर, बेटम्याच्या पुढे एका नाल्याच्या उतारावर गाडी कोसळली. खंडोजी जागच्या जागी गेला. बाटली फुटून कपडे भिजले होते. ज्या गाडीवानानं त्याला उचललं तो पुढे चौकाचौकात सांगत फिरला, "बास तो घणी आवे थी, भिया." म्हणजे वास तर भारी येत होता. झालं. सणाचे दिवस, दारूचा वास, आणि बाप तसाच मेलेला. लोकांना आणखी काय हवं? बाटली कुणी ठेवली हे मला माहीत होतं. तरी मला वाटलं, पोरानं वाटेत उघडली असणार. मीही चार ठिकाणी तसं बोललो. आज त्याची लाज वाटते.

मोडकी गाडी सरदारांनी संताजीरावांकडेच धाडली. वरची पीन अर्धी बाहेर आलेली, एका टोकाचा नट गायब. तो वाटेत फिरत फिरत कधीतरी गळून पडला होता. संताजीरावांनी नवा नट घडवला, वाकलेला चिमटा भट्टीत तापवून सरळ केला, गाडी पूर्वीसारखी केली. गाडीत काही दोष होता का, असं सरदारांनी माणूस पाठवून विचारलं. संताजीराव म्हणाले, गाडीत दोष नव्हता. बाटलीबद्दल कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्या एका उत्तरानं खंडोजीवर शिक्का बसला. राजाबाईंनी मुलाचं नाव टाकलं. शपथ मोडून मेला, तो माझा नव्हे, असं म्हणाल्या. पितृपंधरवड्यात नवऱ्याच्या नावानं पान वाढायच्या, कारण त्यानं त्यांना कधी शब्द दिलाच नव्हता. मुलाच्या नावानं भाताचं शीतही नाही. बकुळा सासूजवळच राहिली. माझा नवरा प्याला नव्हता, असं ती वर्षानुवर्षं सांगत राहिली. बायकोच ती, दुसरं काय म्हणणार, असं लोक म्हणायचे.

इकडे संताजीरावांनी गाड्यांना हात लावणं सोडलं. माझ्या चुळीवर बोलणंही सोडलं. मला वाटायचं, जावयाचं दुःख. दुःख होतंच, पण माणसाला आतून पोखरत होतं ते वेगळंच.

नऊ वर्षं अशी गेली. एकोणीसशे अठ्ठावीस साली घट बसले त्या दिवशी बकुळाचं पत्र आलं. मी नेहमीप्रमाणे वाचायला बसलो. तिनं लिहिलं होतं की पितृपंधरवड्यात सासूबाईंची नजर चुकवून तिनं परसात खंडोजीच्या नावानं मुठीएवढा भात ठेवला. सासूबाईंनी पाहिला आणि पायानं उधळला. पुढे लिहिलं होतं, "आबा, ते तिकडेही उपाशीच असतील का, एवढं कुणा शास्त्र्याला विचारून कळवा."

मला पुढचं वाचवेना. संताजीराव भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मला सगळं सांगितलं. नट, पाना, नवा नट, सरदारांना दिलेलं उत्तर. आवाज चढला नाही की उतरला नाही. मी संतापलो. देवापुढचा पाना उचलला असता तर देवानं काय हात तोडला असता, असं मी तोंडावर म्हणालो. ते म्हणाले, "तेव्हा देवाचं भ्या वाटलं. मग लोकांचं. मग बकुळेचं. एकट्यानं धारला जाववत नाही, पंत. तुम्ही चला."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. इंदूरला लॉरी बदलली. बेटमं मागं पडल्यावर एक नाला आला, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

धारला मुक्काम करून तिसऱ्या माळेला सकाळी त्यांच्या घरी गेलो. राजाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. बकुळा पाणी घेऊन आली. संताजीरावांनी पाणी घेतलं नाही, बसलेही नाहीत.

"विहीणबाई, खंडोजी प्याला नव्हता," ते म्हणाले. "चिमट्याचा नट मी पान्यानं आवळला नव्हता. पाने पूजेत होते. हातानं आवळला आणि ठीक आहे म्हणून सांगितलं. तो नट गळला. बाटली माझी होती, दुसऱ्यासाठी दिलेली. सरदारांशी मी खोटं बोललो."

मला वाटलं, आता ही बाई सूप फेकून मारेल. संताजीरावांनाही तेच हवं होतं, ते मान पुढे करून उभे होते. बकुळेनं हातातला तांब्या खाली ठेवला. तिनं विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं, आबा? नऊ वर्षं?" त्यांनी होकाराची मान हलवली. ती आत निघून गेली.

राजाबाई मात्र तांदळाकडेच बघत होत्या.

"प्याला नव्हता?"

"नाही."

"एक थेंबसुद्धा?"

"नाही, विहीणबाई."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे माझं लेकरू नऊ वर्षं उपाशी आहे. मी ठेवलं."

संताजीरावांना त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं, की त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या, परसात जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओलेत्यानं चुलीपुढे बसल्या. उडदाची डाळ वाटायला काढली, खिरीला दूध ठेवलं. बकुळा घाबरून दारात आली. म्हणाली, "सासूबाई, घट बसलेत घरात. हा श्राद्धाचा सैपाक आत्ता नाही चालत."

"बसू देत," राजाबाई म्हणाल्या.

दुपारपर्यंत त्या एकट्याच रांधत होत्या, बकुळेला चुलीजवळ येऊ दिलं नाही. खीर, वडे, भात, वरण, भाजी. कावळ्याचं पान भिंतीवर ठेवून आल्या. मग ओसरीवर पाट मांडला, केळीचं पान घेतलं, सगळं वाढलं आणि संताजीरावांना म्हणाल्या, "त्याच्या नावानं पुरुष माणसानं जेवायला हवं. घरात कुणी नाही. तुम्हीच बसा."

संताजीराव नवरात्राचे नऊ दिवस मिसरूड फुटल्यापासून निराहार उपास करायचे. तापानं फणफणले होते त्या वर्षीही दुधाच्या घोटाखेरीज काही घेतलं नव्हतं. मी मध्ये बोलायला गेलो. त्यांनी हातानं मला थांबवलं, पाय धुतले आणि पाटावर बसले.

पहिला घास त्यांनी पाण्याबरोबर गिळला. दुसरा पाण्यावाचून. राजाबाई वड्यांची परात घेऊन समोर उभ्या राहिल्या आणि पान रिकामं व्हायच्या आत वाढत गेल्या. आतून बकुळेचं रडणं ऐकू येत होतं. ते चार वडे खाऊन थांबले, तेव्हा राजाबाईंनी पाचवा वाढला आणि पानाकडे बघत म्हणाल्या, "पोटभर जेव, बाळा. आई आहे इथं."

संताजीरावांनी मान वर केली नाही. त्यांनी तो वडा उचलला आणि जेवत राहिले.