काकूंनी पकडून आणलेला व्हिक्टोरियन

राणी व्हिक्टोरिया गेली, हे लंडनजवळच्या हॅरोतल्या आमच्या शेजारच्या काकूंना कुणी कळवलंच नसावं. मूळच्या नागपूरच्या काकू डॉक्टर नवऱ्याबरोबर इंग्लंडात आल्या आणि इथल्याच एका प्रायमरी शाळेत शिकवू लागल्या. वर्गात व्हिक्टोरियन काळ सुरू झाला की त्यांच्या अंगातच यायचं. घरातला केर ओढायचा हूवर जिन्याखाली जायचा आणि केरसुणी बाहेर यायची. काका हिटिंग लावायला उठले की "त्या काळी नव्हतं हो!" म्हणत त्या त्यांच्या अंगावर शाल टाकायच्या. वर्गात जुन्या वस्तू मांडायच्या म्हणून ओळखीची सगळी मराठी घरं पालथी घालायच्या. इथल्या विजेचा काय भरवसा, म्हणून माझ्या आईनं पुण्याहून कोळशाची इस्त्री आणली होती. ती पाहिल्यावर काकूंनी चहा अर्धा टाकला.

"तू वापरलीयस ही? आणि पाटीवर लिहिलंयस? छड्या खाल्ल्यास?"

तिन्हींना मी हो म्हटलं.

"अरे, मग वस्तू कशाला? शुक्रवारी तूच ये!"

इथं माझी पंचाईत झाली. माझी आठ वर्षांची मुलगी काकूंच्याच वर्गात होती आणि तिला माझ्या इंग्रजीची लाज वाटायची. शाळेच्या गेटपाशी मी तोंड उघडायचं नाही, असा हुकूमच होता. "बाबा, प्लीज तू नको येऊ. एव्हरीवन विल लाफ," ती रडवेली होऊन म्हणाली. मला ते फार लागलं. नाही म्हणायला गेलो, तर काकू म्हणाल्या, "माझ्या वर्गात कधी हसायचं ते मी ठरवते."

शुक्रवारी काळा झगा घालून, हातात छडी घेऊन काकूंनी मला मुलांपुढे उभं केलं. मी अडखळत पाटीबद्दल सांगितलं. एकानं विचारलं, तुम्ही राणीला भेटला होतात का? "त्या दिवशी यांची शाळा होती," काकूंनी गंभीरपणे उत्तर दिलं. मग त्यांनी मला मराठीत पाढा म्हणायला लावला. मी 'बे एके बे' सुरू केलं. मुलं आ वासून बघत राहिली. याचा अर्थ काय, असं कुणीतरी विचारलं.

"मला बाई काही कळलं नाही," नागपूरच्या काकू चक्क इंग्रजीत म्हणाल्या. "कुणाला येतं का हे?"

मग कानापर्यंत लाल झालेली माझी मुलगी उठली. "आय कॅन. ही इज माय डॅड," ती म्हणाली आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. त्या दिवशी तीस मुलांना तिनं बेचा पाढा शिकवला.

घरी जाताना माझा हात धरून ती सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी मराठीत बडबडत होती.

पुढच्या उन्हाळ्यात काकू निवृत्त होऊन डेव्हनला राहायला गेल्या. त्या निघण्याआधी आभार मानायचे ठरवून त्यांच्याकडे गेलो आणि हवापाण्याच्या गप्पा मारून परत आलो. काकू, तुम्ही माझी मुलगी मला परत मिळवून दिलीत. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.