मामांच्या हातचं पॉलिश

जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्यात माझ्या मामांइतका गाड्यांवर जीव लावणारा आणि गाडीमालकांवर खेकसणारा माणूस झाला नाही, आणि यापुढे होणारही नाही; हे मी लिहून द्यायला तयार आहे. वरणगावच्या कारखान्यातली नोकरी संपल्यावर लोक देवदेव करतात, नातवंडं खेळवतात. मामांनी घराशेजारी पत्र्याची शेड टाकली आणि जुन्या गाड्यांचा गेलेला रंग पॉलिश करून परत आणायचं काम सुरू केलं. शेडमध्ये शिरण्याआधी गिऱ्हाइकाने अंगठी, घड्याळ आणि पट्टा काढून खुंटीला लावायचा. ओरखडा उठायला एक बक्कल पुरे होतं, असं त्यांचं म्हणणं. एका फौजदारसाहेबांनासुद्धा त्यांनी पट्टा काढायला लावला होता आणि बिचारे एका हाताने पँट सावरत स्वतःच्या जीपभोवती फिरले होते.

मशिनवर मामांचा विश्वास नव्हता. सगळं काम हाताने, आणि तेही जुन्या धोतराच्या फडक्याने. नवं कापड टोचतं, धोतर निदान आठ वर्षं धुतलेलं पाहिजे. त्यामुळे नातेवाइकांत कोणी म्हातारं आजारी पडलं की मामा भेटायला आले तरी घरचे लोक धास्तावत. आमचे एक चुलत आबा वारले, तेव्हा तेराव्याच्या पंगतीत मामांनी माझ्या कानाशी लागून विचारलं, "आबांनी धोतरं कोनाले दिधी रे?" काम झालं की डोळे मिटून बॉनेटला गाल लावायचे आणि तसेच पाच-पाच मिनिटं उभे राहायचे. मामी म्हणायच्या, "एवढा गाल कधी पोरींच्या गालाला लावला असता, तर पोरी माहेराला तरी आल्या असत्या!"

रंगाबद्दल त्यांचं एकच तत्त्वज्ञान होतं. पॉलिश म्हणजे रंगाचा वरचा खराब थर काढायचा, म्हणजे दर वेळी रंग थोडा कमीच होणार. एक कापसाचे व्यापारी दर सणाला गाडी चमकवून मागू लागले, तर मामा कडाडले, "गाडी शे का केळं, घडीघडी साल काढाले?" त्यांना त्यांनी चक्क हाकलून दिलं. पण एक गोष्ट बठ्ठंच्या बठ्ठं जळगाव कबूल करी, की मामांच्या हातून आजवर एकाही गाडीला इजा झाली नव्हती. मामांना त्याचा एवढा अभिमान, की देवाला नमस्कार करतानासुद्धा ते हे त्याला ऐकवत असावेत.

अशा माणसाचा भाचा म्हणजे मी. तेव्हा मी एका ऑफिसात टेम्पररी कारकून होतो. साहेब महिनाभर गावी गेले. कायम करण्याचा माझा कागद त्यांच्या टेबलावर सहीवाचून पडलेला. जाताना त्यांनी आपल्या आकाशी रंगाच्या गाडीची किल्ली माझ्या हातात दिली आणि सांगितलं, "रोज एकदा सुरू करून ठेवत जा." मी सुरू केली आणि थेट धुळ्याला नेली. मित्राचं लग्न होतं, वरातीला गाडी नव्हती, आणि माझी अक्कल तेवढीच होती.

धुळ्याच्या हौशी मंडळींनी गाडी सजवली. बॉनेटच्या दोन बाजूंना केळीचे ताजे तोडलेले खांब बांधले. केळीचा चीक कपड्यावर पडला की कपडा फाटेल पण डाग जाणार नाही, हे आपल्याकडचं शेंबडं पोरही जाणतं. पण उत्साहात कोणाच्या ध्यानात येतं? उन्हात वरात दोन तास नाचली. खांब सोडले तेव्हा बॉनेटभर चिकाचे तपकिरी ओघळ! मी डोक्याला हात लावून बसलो. तेवढ्यात मित्राच्या शिरपूरच्या आत्या, सगळ्यांच्या अक्का, पदर खोचून पुढे आल्या. "येवढ्यासाठी रडतो काय?" म्हणाल्या, आणि मी उठेपर्यंत त्यांनी चुलीची राख आणि नारळाची शेंडी घेऊन बॉनेट पातेल्यासारखं घासून काढलं. डाग गेला. रंगही गेला.

मामांनी गाडी पाहिली आणि खाली बसले. "कोनी घासं हाई? राख? भांडं शे का हाई?" मग मला शेडबाहेर काढलं. साहेब यायला चार दिवस होते. मामांनी पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिश पेपर फिरवला, मग पॉलिशचं कंपाउंड, मग धोतराची फडकी. जेवायलासुद्धा घरात गेले नाहीत. चौथ्या दिवशी बॉनेट आरशासारखं झालं, फक्त मधोमध तळहाताएवढी जागा फिकट राहिली. मामांनी हात मागे घेतला. "आते आजून घासं तं पत्रा दखाई."

गाडी घेऊन ते स्वतः माझ्याबरोबर साहेबांच्या दारात आले. आयुष्यात ते कोणा गिऱ्हाइकाच्या दारात गेले नव्हते. साहेबांचं लक्ष नेमकं त्या जागेवर गेलं. "हे काय झालं?" मी तोंड उघडलं, तर मामांनी माझं कोपर दाबलं आणि ठेवणीतलं शुद्ध मराठी काढलं. "मीच म्हटलं याला, आण गाडी, जरा चमकवून देतो. हात जास्त चालला. चूक माझी आहे, साहेब."

साहेब सज्जन होते, ओरडले नाहीत. "मामा, वय झालं तुमचं. आता पुरे करा हे. उगीच लोकांच्या गाड्या खराब व्हायच्या," एवढंच म्हणाले. मामा म्हणाले, "हो, साहेब."

परत येताना मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "मामा, मी जाऊन खरं सांगतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चूप बस. रंग परत चढावता येस. नोकरी नही."

आठवड्याने माझ्या कागदावर सही झाली. मामांच्या हातून गाडीचा रंग गेला, ही बातमी मात्र त्याआधीच गावभर झाली. गिऱ्हाइकं कमी होत गेली. मामांनी कोणापुढे एका शब्दाने खुलासा केला नाही, आणि मीही केला नाही. माझ्यात तेवढं धैर्य नव्हतं. पुढे ते गेले. मी त्याच नोकरीवर घर बांधलं, मुलांची लग्नं केली.

साहेब आता कुठे असतात, मला ठाऊक नाही. पण हे वाचत असतील तर त्यांना सांगतो, साहेब, ती गाडी मी न विचारता धुळ्याला नेली होती. माझ्या मामांच्या हातून उभ्या जन्मात कोणाच्या गाडीला साधा ओरखडा उठला नाही.