धुऊन वाळवलेला कोळसा

पोर्तो रिकोच्या उत्तर किनाऱ्यावरच्या आमच्या वाडीत सेनोनच्या हातच्या करवंटीच्या कोळशाला मान होता. काडीला टोचलेलं मांस भाजा, केळी भाजा, धूर म्हणून व्हायचा नाही. पुढे वरच्या अंगाच्या औषध कारखान्याचं पाणी मुरत मुरत आमच्या विहिरीत आलं. तेव्हा गाळायच्या टाकीत घालायलाही त्याचाच कोळसा निवडला. विद्यापीठातली मारिसेल त्याचा ताजा कोळसा नेऊन, त्यानं जास्त शोषावं म्हणून भट्टीत वाफ देऊन परत आणायची. पाण्यातलं औषध कोळशाला चिकटून बसतं, कोळसा भरला की टाकून द्यायचा, नवा घालायचा, असं तिनं त्याला बजावलं होतं.

पण हात पडला कोळसेवाल्याचा. पावसात भिजलेला माल धुवायचा, पत्र्यावर वाळवायचा आणि पुन्हा विकायचा, हे त्याच्या बापापासून चालत आलेलं. टाकीतला तसाच काळाभोर, टणक कोळसा फेकायला त्याचा जीव होईना. त्यानं तो धुतला, वाळवला, परत भरला.

यंदा मारिसेलनं पाणी तपासलं, तर विहिरीत जेवढं औषध तेवढंच टाकीच्या नळाला. वाडी पेटली. कारखान्यानंच टाकीत न अडकणारं काहीतरी नवं सोडलंय, फाटकावर मोर्चा न्यायचा, असं चर्चच्या ओसरीत ठरलं. निशाण सेनोननं धरावं, असंही सगळ्यांच्या तोंडून आलं. ओब्दुलिया त्याच्या लेकीची धर्ममाता, त्या नात्यानं त्याला कोंपाद्रे म्हणायची. तिनंच काठी पुढे केली.

सेनोननं ती घेतली नाही. टोपी काढून चुरगाळत राहिला.

"कारखान्याचं पाप आहेच. पण यंदाचं माझं आहे. जुनाच कोळसा धुऊन भरला मी."

 मारिसेल खाली बघू लागली.

"म्हणजे कोंपाद्रे, एकच हाड पुन्हा पुन्हा उकळून रस्सा पाजत होतात होय आम्हाला?" ओब्दुलिया म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "नातीचं दूध मी त्याच पाण्यात कालवते. तुम्हाला ठाऊक नव्हतं का?"

"सांगितलं होतं मारिसेलनं. माझ्या मालाला टाकाऊ म्हटलेलं सोसलं नाही मला."

मोर्चा निघाला. निशाण दुसऱ्यानं धरलं.

दुसऱ्या दिवशी सेनोन टाकीत नवा कोळसा ओतायला गेला, तर ओब्दुलिया खुर्ची टाकून समोर बसलेली. उभ्या आयुष्यात तिनं त्याच्या कामावर नजर ठेवली नव्हती. टाकी भरेपर्यंत त्यानं मान वर केली नाही.