दाराबाहेर कोण होतं

आज दुपारी शेजारच्या बंद दारावर कुरिअरवाला तळहाताने थापा मारत होता. मी जिन्यातच थबकलो. कित्येक वर्षं माझ्या स्वप्नात असंच एक दार येतं. मी बाहेर उभा राहून ते ठोठावतो, आत कुजबुज ऐकू येते, पण कडी कुणी काढत नाही. आपल्याला कुणी नाकारेल याची ही भीती असावी, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

आज न राहवून ताईला फोन केला आणि पहिल्यांदाच ते स्वप्न सांगितलं.

"तू बाहेर नव्हतास रे," ती म्हणाली. "चार वर्षांचा होतास, माझ्या मांडीवर बसला होतास. बाहेर अण्णा होते."

अण्णा, म्हणजे आमचे वडील, पिऊन आले की आईला मारायचे. त्या दिवशी तिने आतून कडी लावली. ते आधी ओरडले, मग नुसत्याच थापा मारत राहिले. शेवटी मला हाक मारून म्हणाले, "बाळा, पाणी तरी दे." मी ओ देत उठायला लागलो, तेव्हा ताईने माझं तोंड दाबून धरलं. अण्णा गेले ते परत आलेच नाहीत.

आईचं चुकलं, असं मी कधीच म्हणणार नाही. पण मी ज्याला माझी भीती समजत होतो, ते अण्णांचं एकटेपण होतं.

"ताई, तुला पडतं का गं असं स्वप्न?"

"पडतं ना. त्यात मी धावत जाऊन कडी काढते," ती म्हणाली, "आणि बाहेर कुणीच नसतं."